दातांत धरलेला सूर

“थांबलात का?” इनास मास्तरांनी विचारलं.

देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, माळ्यावर आम्ही बावीस जण होतो आणि बावीसच्या बावीस जण आपापल्या पायांकडे बघत होते. मी ऑर्गनवरची बोटं उचलून मांडीवर ठेवली. एक क्षण आधी जे वाजलं होतं ते मी जन्मात विसरणार नाही. कॉयर, म्हणजे आमचा गायकवृंद, एका सुरावर उभा होता, माझा ऑर्गन त्याच्या बरोबर अर्धा सूर वर आला, आणि दोघांनी मिळून असा काही आवाज काढला की नातालकाकांनी सरळ कानात बोट घातलं. खाली वेदीजवळ फुलं लावणाऱ्या बायकाही माना वर करून बघायला लागल्या.

मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं. त्यांचा उजवा हात अजून तालातच हलत होता.

“चांगलं चाललं होतं की. बाय, तू थांबलीस का आधी?”

“पान उलटायचं राहिलं, मास्तर,” मी म्हणाले.

“दोन दिवस राहिले रविवारला, आणि हिला पानं उलटता येत नाहीत,” ते हसून म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांना घरी सोडलं.

ही सत्तर सालच्या नोव्हेंबरची गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, केळीच्या आणि पानवेलींच्या बागांमधलं. मास्तर म्हणजे इनास दाब्रे. एकतीस वर्षं ते आमच्या देवळात गाणं शिकवत होते. गावातल्या निम्म्या लोकांना लिहिता-वाचता येण्याआधी स्वरलिपी वाचता यायची, ती त्यांच्या छडीमुळे. ज्याला आम्ही मोठ्या रुबाबात ऑर्गन म्हणायचो ती खरं तर एक भलीथोरली पायपेटी होती, पण हे मास्तरांसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

तोवर मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, लॅटिनमधून मराठीत आली होती. आमचे नवे फादर भले गृहस्थ होते. त्यांना ढोलकी हवी होती, टाळ हवे होते, लोकांनी सगळ्यांनी मिळून गावं असं वाटत होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण माळा एकच होता. तेव्हा फादरांनी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, “बावीस तारखेला गाणाऱ्यांच्या संत सिसिलियाचा सण रविवारी येतोय. मुंबईहून फादर बरेटो येतील. रोमला संगीत शिकून आलेत. तुमचं जुनं गाणं त्यांना ऐकवा. ते म्हणाले ठेवा, तर रविवारचा एक तास कायमचा तुमचा. ते म्हणाले नको, तर कॉयर बंद. मग माझ्यावर राग धरायचा नाही.”

मास्तरांनी ते आनंदाने कबूल केलं. आयुष्यभर डोक्यात घोळत असलेला कार्यक्रमच त्यांनी काढला. सातशे-आठशे वर्षांचं गाणं, पाऊण तासात.

“आधी एकच ओळ,” ते आम्हाला सांगायचे. “शेकडो वर्षं माणसं एकाच ओळीत देवाला हाक मारत होती. मठातली माणसं. ना ठेका, ना वाद्य. मग कुणाला तरी वाटलं, याच्या वर दुसऱ्याने वेगळं गायलं तर? मग दोनाचे चार झाले. चार आवाज, आणि कुणीच कुणाचा नोकर नाही. मग सोळाशे सालाच्या आसपास खाली बास आला, वाद्याचा खर्ज. त्याने सगळ्यांना पायाखाली जमीन दिली. आणि मग शेवटी मोझार्टच्या वेळचं. तिथे सगळं उजेडात असतं.”

कार्यक्रमाची तीच चार पावलं होती. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलाच्या मध्ये आमचा घात होता.

वाद्याशिवाय चार आवाज गायला लागले की सूर हळूहळू खाली बसतो. कुणी एक चुकत नाही. सगळे एकमेकांना धरून उतरतात, त्यामुळे गाणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आमचे टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष, बागेतून शिंपणं आटोपून थेट यायचे, घामाघूम, दमलेले, आणि त्यांना सांभाळता सांभाळता बाकीचेही घसरायचे. आधी ते चालून जायचं, कारण सूर केसाइतका ढळला की मास्तरांचं डावं बोट वर व्हायचं. ‘वर, वर.’ की सगळे वर. त्या वर्षी ईस्टरनंतर ते बोट वर व्हायचं थांबलं होतं.

आणि मास्तरांचा हट्ट असा, की दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये खंड नको. चार आवाजांच्या शेवटच्या सुरावरच ऑर्गनचा बास आला पाहिजे.

“मास्तर, मध्ये जरा थांबू या का?” मी मागेच विचारून पाहिलं होतं. “मी नव्याने सूर देईन, मग पुढे जाऊ.”

“इतिहास मध्ये चहा प्यायला थांबला होता का, बाय?” ते म्हणाले, आणि विषय संपला.

त्या शुक्रवारी तालमीनंतर मास्तर पुढे गेले आणि आम्ही तिघं देवळामागच्या विहिरीजवळ उभे राहिलो. मी, नातालकाका आणि रेजिनामावशी. नातालकाका आमच्या बासवाल्यांचा, म्हणजे खर्जात गाणाऱ्यांचा, म्होरक्या. आवाज असा की खोकले तरी खिडक्या थरथरायच्या. रेजिनामावशी म्हणजे मास्तरांची बायको. सोप्रानोत, म्हणजे बायकांच्या उंच आवाजात, पहिल्या रांगेत उभी राहायची.

“आता सांगायलाच पाहिजे,” नातालकाका म्हणाले. “माणसाला ऐकू येत नाय. आपण किती दिवस पायांकडे बघणार?”

“कुणी सांगणार नाय,” रेजिनामावशी म्हणाली.

“अगो, पण रविवारी तो मुंबईचा फादर खाली बसून सगळं ऐकणार. अर्ध्या सुराने बोंब झाली तर कॉयर गेला.”

“कॉयर गेला तर तो मेल्यासारखा होईल. आणि त्याला कळलं की आपल्याला ऐकू येत नाय, तर खरंच मरेल.” तिने माझा हात धरला. “मी घरी किती महिने सांभाळलंय ते माझं मला ठाऊक. दार वाजलं की मी आधी उठते. कुणी बोललं की मी तेच मोठ्याने पुन्हा बोलते, जसं काय मलाच ऐकू आलं नाय. ब्लांदिना, तू काहीतरी कर गो. पण त्याला कळू देऊ नकोस. वचन दे मला.”

मी वचन दिलं. एकोणिसाव्या वर्षी वचन द्यायला काही लागत नाही.

त्या दोन रात्री मी नीट झोपले नाही. विचार करकरून मला एकच वाट दिसत होती. कॉयर जिथे उतरलेला असेल तिथे ऑर्गनलाच खाली न्यायचं. तिसरं गाणं फा वरचं, म्हणजे पेटीवाले ज्याला पांढरी चार म्हणतात त्या सुरातलं. ते अर्धा सूर खाली, पांढरी तीनमध्ये वाजवायचं. आजच्या कीबोर्डवर त्याला एक बटण असतं, माझे विद्यार्थी ते दाबून मोकळे होतात. तेव्हा सगळं डोक्यात करावं लागायचं. पांढरी चारमध्ये बोटं बहुतेक पांढऱ्या पट्ट्यांवर असतात. पांढरी तीनमध्ये उतरलं की चार-चार काळ्या पट्ट्या मध्ये येतात.

त्यातल्या त्यात एक आधार होता. त्या काळच्या संगीतात वाजवणाऱ्याला सगळे सूर लिहून दिलेले नसतात. खाली फक्त बासची ओळ आणि तिच्यावर आकडे. सहा लिहिलंय, तर बासपासून सहावा सूर धर. बाकीचं तुझं तू भर. तेरा-चौदा वर्षांची असताना एकदा मी उशिरा आले म्हणून मास्तरांनी शिक्षा दिली होती, एकच ओळ बाराही सुरांवरून वाजवायची. मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले होते, “आकडे बघ, बाय. घर बदललं तरी नाती बदलत नाहीत. बासचा सहावा तो सहावाच.”

शनिवारी दुपारी मी एकटी माळ्यावर बसून ती ओळ पांढरी तीनमध्ये पंचवीस वेळा वाजवली. तरी मुख्य प्रश्न राहिलाच. कॉयर नेमका किती उतरेल? अर्धा सूर उतरला तर मी तयार होते. पाव सूर उतरला तर त्याला जगातल्या कुठल्याही पेटीवर पट्टी नाही.

रविवारी सकाळची मिस्सा संपली आणि लोक जागेवरच बसून राहिले. माळ्याच्या कठड्यावरून मला पहिल्या बाकावर फादर बरेटोंचं टक्कल दिसत होतं. उंच, किडकिडीत माणूस. डोळे मिटून बसला होता. नातालकाका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “डोळे मिटणारा माणूस वाईट. त्याला सगळं ऐकू येतं.”

मास्तर काळा कोट घालून आले. खिशातून त्यांनी काटा काढला. काटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क, पण आम्ही नुसतं काटा म्हणायचो. त्यांनी तो गुडघ्यावर मारला आणि नेहमीप्रमाणे त्याचा देठ दातांत धरला, म्हणजे सूर हाडांतून थेट डोक्यात घुमतो. डोळे मिटले, मग हलकेच गुणगुणून सगळ्यांना सूर दिला. ही त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांतली पद्धत. “युरोपात असंच करतात,” असं त्यांनी एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून आम्ही सगळे शिष्य काटा दातांतच धरायचो.

पहिलं गाणं एका ओळीचं. ते कुठे उतरतं याची कुणाला पर्वा नव्हती. ते छान झालं. मास्तरांनी पुन्हा काटा दातांत धरला, सूर दिला, आणि चार आवाज सुरू झाले.

त्या गाण्यात तीन विसावे होते. तिन्ही ठिकाणी बासवाले घरच्या सुरावर, म्हणजे पांढरी चारवर येऊन थांबायचे, आणि तिन्ही ठिकाणी आवाज भरून मोठा व्हायचा. मी सगळ्यात हलक्या आवाजाचा एकच स्टॉप, म्हणजे ऑर्गनची आवाज निवडायची खुंटी, ओढून ठेवला होता. ठरवलं होतं, विसावा आला की त्या गलक्याच्या आड पांढरी चार अगदी हलकी दाबून बघायची. सूर मिळाला तर ती कुणाला ऐकूही जाणार नाही. नाही मिळाला, तर मला कळेल. आणि नशीब फुटकं असेल तर फादर बरेटोंनाही कळेल.

पहिला विसावा आला. मी पायाने हवा भरली, पट्टी दाबली. सूर मिळाला. अजून तरी सगळे जागेवर होते. मनात आलं, आज देव आहे बहुतेक.

मग सोप्रानो उंच गेल्या, टेनर त्यांच्या मागे निघाले आणि मधेच धापा टाकायला लागले. लांब-लांब ओळी, श्वास घ्यायला जागा नाही. मी मास्तरांच्या डाव्या बोटाकडे बघत होते. ते बोट खालीच होतं. दुसरा विसावा आला, मी पट्टी दाबली, आणि हाताखाली सूर थरथरला. दाताखाली खडा यावा तसं वाटलं. चटकन ती सोडून पांढरी तीन दाबली. तीही थरथरली. आम्ही मध्येच लटकलो होतो, ना इथे ना तिथे.

रेजिनामावशी गाता गाता माझ्याकडे बघत होती. मी तिला मान हलवून ‘नाही’ म्हटलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण गाणं सुटलं नाही.

आता एकच विसावा उरला होता, आणि त्याच्याच शेपटीला माझा बास. मी ऑर्गनसमोर बसून देवाकडे आमचा कॉयर आणखी बेसूर होऊ दे असं मागितलं. संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, तिच्याच माळ्यावर. इतकं मनापासून मी त्यानंतर काहीच मागितलं नाही.

टेनर बिचारे दमत गेले. शेवटचं पान आलं. नातालकाकांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. बासवाले पायऱ्या उतरत उतरत घरच्या सुराकडे निघाले. मी पांढरी तीनवर बोट ठेवलं आणि वाट बघितली. सूर आला, आवाज भरला, मी पट्टी दाबली. काहीच ऐकू आलं नाही. माझा सूर त्यांच्या सुरात पूर्ण विरघळून गेला होता.

मास्तर माझ्याकडे वळले. बासची खूण करायला त्यांचा डावा हात माझ्याकडे खाली आला. मी दुसरा स्टॉप ओढला आणि दोन्ही हात काळ्या पट्ट्यांमध्ये घातले.

ऑर्गन आवाजांच्या खाली सरकला आणि कुठेही सांधा दिसला नाही. खाली कुणीतरी ‘आहा’ म्हटलं. मला काहीच बघायला फुरसत नव्हती, कागदावर एक घर आणि हाताखाली दुसरं. सहा, चार-तीन, सात, सहा. आकडे वाचत राहिले. एवढंच आठवतं की सुरुवातीलाच मास्तरांचा हात एका ठोक्यापुरता हवेत थांबल्यासारखा वाटला होता. मला वाटलं, श्वास द्यायला थांबले असतील. मग हात पुन्हा चालू झाला, तसाच, जोरकस.

ते गाणं संपल्यावर देवळात टाळ्या पडल्या. शेवटच्या मोझार्टच्या काळातल्या गाण्याआधी मी मुकाट्याने मूळचा सूर दिला, त्या गाण्याला साथ करणाऱ्या गावातल्या दोघा भावांनी आपली व्हायोलिनं जुळवली, आणि तेही पार पडलं.

खाली उतरलो तर फादर बरेटो जिन्याशीच उभे. त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले.

“मास्तर, मी मुंबईत ऐकलंय, रोममध्ये ऐकलंय. वाद्याशिवाय चार आवाज गातात आणि नंतर ऑर्गन आला की भलेभले उघडे पडतात. मी त्याच जागेची वाट बघत होतो. तुमची माणसं अर्ध्या सुरानेही हलली नाहीत. कान आहेत हो तुमचे!”

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या फादरांनी हसून मान डोलावली. “रविवारचा तास तुमचा, मास्तर. मी शब्द दिला होता.”

नातालकाकांनी मला पाठीत असा धपाटा घातला की मी पडता पडता वाचले. रेजिनामावशी पदराने डोळे पुसत होती. मास्तरांनी फादर बरेटोंच्या ओठांकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “उपकार आहेत, फादर.” मग माझ्याकडे वळले. “बाय, जरा वर ये.”

बाहेर मंडपात चहा आणि फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोड गोळे, वाटायला सुरुवात झाली होती. माळ्यावर आम्ही दोघंच. मास्तर ऑर्गनच्या बाजूला उभे राहिले.

“तिसऱ्या गाण्याची सुरुवात वाजव.”

मी कागद लावला आणि हात पांढरी चारवर ठेवले.

“असं नाही,” मास्तर म्हणाले. “मघाशी वाजवलंस तसं. काळ्यांवर.”

माझे हात तिथेच राहिले. मी काय मूर्ख होते. सगळ्या देवळाच्या कानांची काळजी केली, आणि मास्तरांना डोळे आहेत हे माझ्या लक्षातच आलं नाही. ज्या माणसाने मला प्रत्येक बोट कुठे ठेवायचं ते शिकवलं, तो माझे हात बघून कुठला सूर वाजतोय ते सांगू शकत होता. त्याला ऐकायची गरजच नव्हती.

“कधीपासून उतरतोय कॉयर?” त्यांनी विचारलं.

“ईस्टरपासून.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“सगळ्यांना ठाऊक होतं?”

मी पट्ट्यांकडे बघत राहिले. त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. रेजिनामावशी दारात उभी राहून कुणाला तरी हसून फुगे वाढत होती.

“तिलाही,” ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

मग ते ऑर्गनच्या बाकावर माझ्या शेजारी बसले.

“मला वाटायचं, तुम्ही आता चांगले गायला लागलात,” ते म्हणाले. “बोट वर करायची वेळच येत नाही. मी घरी रेजिनाला सांगायचो, एकतीस वर्षांनी शिकली पोरं.”

मला रडू आलं. “मास्तर, मी पांढऱ्यावर वाजवलं असतं तर कॉयर गेला असता.”

“हो. आणि मी इथे उभा राहून खूश असतो.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “फार छान वाजवलंस गो. वाजवलं असणारच. एकही बोट चुकीच्या जागी नव्हतं. चुकीचं असतं तर मला दिसलं असतं.”

त्यांनी खिशातून काटा काढून माझ्या हातात दिला.

“पुढल्या रविवारी सूर तू द्यायचास.”

“मास्तर, नको.”

“दे बघू आता. मला दाखव.”

मी काटा गुडघ्यावर मारला आणि त्यांनीच लावलेल्या सवयीप्रमाणे देठ दातांत धरला. मास्तरांनी हात पुढे करून तो माझ्या तोंडातून हळूच काढला आणि माझ्या कानाशी नेला.

“इथे धर,” ते म्हणाले. “तुला कान आहेत ना.”